ग्रीक नगरराज्यांचा कारभार प्रत्यक्षात कोण पाहत असे?

प्रश्न असा आहे: पाठ्यपुस्तकात ‘अथेन्समध्ये लोकशाही होती आणि स्पार्टात राजेशाही’ असे एका ओळीत लिहिलेले असते, पण रोजचा कारभार नेमके कोण पाहत असे, आणि ही दोन नगरे सोडून इतरत्र काय पद्धत होती? प्राचीन इतिहास शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली आणि त्यांतली बरीचशी ही एक ओळ विद्यार्थ्यांच्या डोक्यातून काढण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवात अथेन्सपासून न करता क्रीट बेटावरच्या द्रेरोस या लहानशा नगरापासून करतो. तिथल्या अपोलोच्या देवळाच्या परिसरात १९३६ साली एक कोरीव लेख सापडला. तो इ.स.पू. सातव्या शतकातला आहे आणि ग्रीकांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या कायद्यांत त्याची गणना होते. मजकूर चार ओळींचा आहे. नगराने असे ठरवले की, जो एकदा ‘कोस्मोस’ म्हणजे नगराचा मुख्य अधिकारी झाला, त्याने पुढची दहा वर्षे पुन्हा ते पद घेऊ नये. घेतलेच, तर त्याने जे निवाडे दिले असतील त्यांच्या दुप्पट रक्कम त्याच्याकडून वसूल व्हावी, त्याने जन्मभर अधिकारांना मुकावे आणि त्या काळात त्याने केलेले सर्व काही रद्द समजावे. या कायद्यात कोस्मोस कोणी व्हावे याबद्दल एक अक्षर नाही. तो श्रीमंत असावा की कुलीन, निवडलेला असावा की नेमलेला, याची चिंता द्रेरोसच्या लोकांना पडलेली दिसत नाही. चिंता आहे ती एकदा खुर्चीवर बसलेला माणूस उठणार कसा याची. माझ्या मते ग्रीक राज्यकारभार समजून घ्यायचा तर ‘सत्ता कोणाकडे होती’ हा प्रश्न दुसरा; ‘सत्ता किती दिवस होती आणि हिशेब कोणाला द्यावा लागे’ हा पहिला.

ग्रीक भाषेत अशा नगराला ‘पोलिस’ म्हणत. वर्गात या शब्दावर हमखास हशा पिकतो, आणि गंमत म्हणजे आपला पोलीस हा शब्द इंग्रजीमार्गे शेवटी याच मुळाशी जाऊन पोचतो. अशी एक हजाराहून अधिक नगरे भूमध्य समुद्राच्या आणि काळ्या समुद्राच्या काठाने पसरलेली होती. अथेन्सच्या ताब्यातला अ‍ॅटिकाचा प्रदेश सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे ग्रीक मापाने अवाढव्य. उलट केओस या एका छोट्या बेटावर चार वेगवेगळी नगरराज्ये नांदत होती. त्यामुळे ‘ग्रीक राज्यपद्धती’ अशी एकच गोष्ट दाखवता येत नाही. अ‍ॅरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ नगरांच्या घटनांची माहिती गोळा केली होती असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सवरचा ग्रंथ तेवढा इजिप्तमधल्या पपायरसवर सापडला आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला अथेन्सबद्दल इतके माहीत आहे आणि इतरांबद्दल इतके कमी, याचे एक मोठे कारण हेच.

आरंभीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. बहुतेक नगरांत राजे मागे पडून सत्ता काही घराण्यांच्या हाती गेली. कॉरिंथमध्ये बाखिआद नावाचे कुळ आपल्यातूनच दरवर्षी एक प्रमुख नेमत असे; म्हणजे वार्षिक मुदतीची सवय लोकशाहीच्या आधीची, उमरावांची आहे. इ.स.पू. ६५७ च्या सुमारास किप्सेलोसने या कुळाला हुसकावून एकट्याची सत्ता स्थापन केली. अशा सत्ताधीशाला ग्रीक ‘टिरॅनोस’ म्हणत, आणि सुरुवातीला या शब्दाला आजच्या जुलमी हुकूमशहाचा अर्थ नव्हता. अथेन्समध्ये पिसिस्ट्रेटसची सत्ता त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे इ.स.पू. ५२७ पर्यंत टिकली. त्याचा मुलगा हिप्पिअस ५१० मध्ये हाकलला गेला. अशी घराणी दोन-तीन पिढ्यांपलीकडे क्वचितच गेली.

आता अथेन्स. इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोनने कर्जापायी माणसाला गुलाम करण्याची प्रथा बंद केली आणि नागरिकांचे उत्पन्नानुसार चार वर्ग पाडले, ज्यामुळे जन्माऐवजी धान्याची पोती मोजून पदाची पात्रता ठरू लागली. पण खरा सांगाडा उभा केला तो इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीसने. त्याने जुन्या चार जमाती बाजूला सारून दहा नव्या ‘जमाती’ बनवल्या आणि प्रत्येकीत शहर, किनारपट्टी आणि अंतर्भाग या तिन्ही ठिकाणची गावे मिसळली. अशी १३९ गावे आणि वस्त्या, म्हणजे ‘डेम’, होत्या. एखाद्या बड्या घराण्याने आपल्या पंचक्रोशीच्या जोरावर राजकारण करावे, ही सोयच त्यामुळे मोडली, कारण कोळी, शेतकरी आणि शहरातला कुंभार एकाच जमातीत मोजले जाऊ लागले.

प्रत्येक जमातीतून दरवर्षी तीस वर्षांवरचे ५० नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि मिळून पाचशे जणांची परिषद, म्हणजे ‘बुले’, तयार होई. एका माणसाला आयुष्यात दोनदाच तिचा सभासद होता येई. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक भागात एकेका जमातीचे पन्नास जण कायम हजेरीवर राहत. अगोरा म्हणजे बाजारचौकातल्या एका गोल इमारतीत त्यांचे जेवण सरकारी खर्चाने होई. या पन्नासांमधून रोज सूर्यास्ताच्या वेळी चिठ्ठी टाकून एक अध्यक्ष निघे आणि तो दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत, एक रात्र आणि एक दिवस, पदावर असे. ज्या देवळांत राज्याचा पैसा आणि दप्तर ठेवलेले असे त्यांच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का तेवढा वेळ त्याच्याजवळ असे, आणि पाचव्या शतकात त्या दिवशी आमसभा भरली तर तिचे अध्यक्षपदही त्याच्याकडेच येई. हे पद आयुष्यात एकदाच मिळे. वर्षाला साडेतीनशेच्या आसपास अध्यक्ष, आणि इ.स.पू. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिकांची संख्या साधारण तीस हजारांच्या घरात: हा हिशेब मांडला की अथेन्सचा प्रमुख कोण, या प्रश्नाला उत्तर का नाही ते कळते. आज संध्याकाळपर्यंत प्रमुख असलेला माणूस उद्या सकाळी आपल्या ऑलिव्हच्या झाडांखाली खुरपे घेऊन बसलेला असे.

शेवटचा शब्द आमसभेचा. ती प्निक्स नावाच्या टेकडीवर भरे. चौथ्या शतकात तिच्या वर्षाला चाळीस ठरलेल्या बैठका होत, आणि काही विशिष्ट निर्णयांना सहा हजारांची गणपूर्ती लागे. परिषदेने आधी विषय तयार करून मांडायचा, मग दवंडीवाल्याने ‘कोणाला बोलायचे आहे?’ असे विचारायचे, मग भाषणे आणि शेवटी हात वर करून मत. लोक आपणहून धावत येत असे मात्र समजू नका. चौकात गप्पा मारत बसलेल्यांना लाल रंगात भिजवलेल्या दोराने टेकडीकडे हाकत नेत, असा उल्लेख त्या काळच्या विनोदी नाटकात आहे. अंगरख्याला रंग लागला की माणूस कामचुकार ठरे. इ.स.पू. ४०३ नंतर हजेरीसाठी भत्ता सुरू झाला, आधी एक ओबोल (चांदीचे एक लहान नाणे), थोड्याच वर्षांत तीन.

सोडतीबद्दल वाचकांच्या मनात नेहमी शंका असते. आपल्याकडे प्रभागांचे आरक्षण सोडतीने ठरते आणि दोन उमेदवारांना समान मते पडली तर चिठ्ठी काढतात. नशिबावर आपण भार टाकतो तो तेवढ्यापुरताच. अथेन्सने मात्र शेकडो पदे चिठ्ठीने भरली. अ‍ॅरिस्टॉटलने तर स्वच्छ लिहिले आहे की, अधिकारी चिठ्ठीने नेमणे हे लोकशाहीचे लक्षण मानले जाते आणि मतदानाने निवडणे हे अल्पजनसत्तेचे. कारण उघड आहे: मतदान घेतले की नामवंत, पैसेवाला आणि बोलघेवडा माणूस पुढे जातो. अथेन्सचे लोक मतदानाने निवडत ते जिथे चूक परवडत नाही अशा कामांसाठी. दहा सेनापती दरवर्षी निवडले जात आणि त्यांना पुन्हापुन्हा निवडून येण्याची मुभा होती. पाचव्या शतकातला अथेन्सचा प्रसिद्ध नेता पेरिक्लीस अशा रीतीने सलग पंधरा वर्षे निवडला गेला. चौथ्या शतकात लष्करी निधीचा खजिनदार मतदानाने निवडत, आणि आणखी एक अधिकारी, ज्याचे नाव ऐकून मला नेहमी बरे वाटते: झरे आणि पाणवठे पाहणारा. कामावर पकड नसलेल्या माणसाच्या हाती सैन्य देऊ नये हे कोणालाही पटते. पाणीही देऊ नये, हे त्यांना कळले होते.

चिठ्ठीने आलेले अधिकारी एकेकटे नसत, बहुधा दहादहांच्या मंडळात काम करत. नगराच्या देखरेखीसाठी असे दहा जण होते, पाच शहरात आणि पाच पिरेअस बंदरात. त्यांची कामे वाचली की कोणत्याही नगरपालिकेची आठवण यावी: बासरी वाजवणाऱ्या मुलींना कोणी दोन द्राख्मांहून (एक द्राख्मा म्हणजे सहा ओबोल) जास्त मोबदल्यावर नेऊ नये हे पाहणे, मैला उचलणाऱ्यांनी तो तटबंदीपासून दहा स्टेडियाच्या, म्हणजे जवळपास दोन किलोमीटरच्या आत टाकू नये हे पाहणे, रस्त्यावर घराचे बांधकाम पुढे येऊ न देणे. बाजार, वजनमापे आणि धान्य यांच्यासाठी वेगळी मंडळे होती. पद स्वीकारण्याआधी प्रत्येकाची तपासणी होई: आईवडील कोण, त्यांना नीट वागवतोस का, कर भरलास का, लष्करी सेवा केलीस का. पद सोडताना हिशेब तपासला जाई, आणि तो मंजूर होईपर्यंत सुटका नसे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘कारभार कोण पाहत असे’ याचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. अधिकारी दरवर्षी बदलत, मग दप्तर कोण सांभाळी, जुना ठराव कुठे ठेवला हे कोणाला ठाऊक असे? ही माणसे होती राज्याच्या मालकीचे गुलाम. कारकुनी, दप्तर, हिशेबाच्या नोंदी त्यांच्याकडे असत. शहरातला बंदोबस्त, आमसभेत गोंधळ घालणाऱ्याला ओढून बाहेर काढणे, हे काम पाचव्या शतकात धनुष्यधारी सिथियन, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या प्रदेशातले, गुलाम करत. स्वतंत्र नागरिकाने दुसऱ्या नागरिकाच्या अंगाला हात लावणे अथेन्सला रुचत नसे. इ.स.पू. ३७५ च्या सुमाराच्या एका कोरीव कायद्यात चांदीची नाणी पारखणाऱ्या सरकारी गुलामाचे काम दिलेले आहे. त्याने बाजारात पेढ्यांच्या जागी बसायचे, संशयास्पद नाणे तपासायचे आणि आतून तांबे किंवा शिसे निघाले तर ते तिथेच कापायचे. तो जागेवर बसला नाही तर त्याला चाबकाचे पन्नास फटके. व्यापाऱ्यांच्या थैलीतले नाणे खरे की खोटे, हा निर्णय ज्याच्या शब्दावर चाले, त्याला स्वतःच्या पाठीवरही हक्क नव्हता. स्त्रिया, गुलाम आणि अथेन्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले परदेशी यांना आमसभेत स्थान नव्हते, आणि इ.स.पू. ४५१ च्या पेरिक्लीसच्या कायद्यानंतर आई आणि वडील दोघेही अथेन्सच्या नागरिक घराण्यातले असल्याखेरीज नागरिकत्व मिळत नसे.

न्यायालये हा या यंत्रणेचा सर्वांत भक्कम भाग, आणि माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित. दरवर्षी तीस वर्षांवरचे सहा हजार नागरिक न्यायदानासाठी नोंदवले जात. एका खटल्यापुढे २०१, ४०१, ५०१ किंवा त्याहून जास्त जण बसत. न्यायाधीश नाही, वकील नाही, अपील नाही. पेरिक्लीसने त्यांना भत्ता सुरू केला. तो पुढे तीन ओबोलांवर गेला. लाच देता येऊ नये म्हणून चौथ्या शतकात जी व्यवस्था बसवली होती ती पाहण्यासारखी आहे. सकाळी प्रत्येकजण आपल्या नावाची पट्टी घेऊन येई. त्या पट्ट्या उभ्या फळीवरच्या खाचांत रांगांनी खोचत. फळीच्या कडेला एक नळी असे. तिच्यात काळे आणि पांढरे फासे ओतत आणि खालून एकेक काढत. पांढरा निघाला की ती सबंध आडवी रांग आत, काळा निघाला की ती रांग घरी. मग आणखी एका चिठ्ठीने कोणी कोणत्या न्यायालयात बसायचे ते ठरे. आपल्यापुढे कोण बसणार हे आरोपीला काय, खुद्द बसणाऱ्यालाही सकाळपर्यंत माहीत नसे. भाषणांचा वेळ पाणघड्याळाने मोजत. मत देताना प्रत्येकाला मध्ये दांडी असलेल्या काशाच्या दोन चकत्या मिळत, एकीची दांडी पोकळ, ती फिर्यादीची. दुसरीची भरीव, ती आरोपीची. दांडीची टोके अंगठा आणि बोटात धरली की कोणती कुठली हे शेजाऱ्याला दिसत नसे. मते समान पडली तर आरोपी सुटे.

याच न्यायालयात सेनापतींचे हिशेब येत, आणि आमसभेचा ठराव कायद्याविरुद्ध आहे असा दावाही इथेच करता येई. दावा सिद्ध झाला तर ठराव रद्द होई आणि तो मांडणाऱ्याला दंड बसे. अतिबलवान झालेल्या माणसाला न्यायालयाबाहेरचा एक उपायही होता. वर्षातून एकदा लोकांना विचारत की खापरीचे मतदान घ्यायचे का. होकार मिळाला तर ठरलेल्या दिवशी प्रत्येकाने फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव खरवडून आणायचे. किमान सहा हजार मते पडली तर सर्वाधिक नाव आलेल्याने दहा वर्षांसाठी देश सोडायचा. आरोप नाही, बचाव नाही, पण मालमत्ताही जप्त नाही. पर्शियाविरुद्धच्या सलामिसच्या आरमारी विजयाचा शिल्पकार थेमिस्टोक्लीस असाच बाहेर गेला. अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत त्याचे नाव असलेल्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या आणि अक्षर ताडून पाहिले तेव्हा त्या अवघ्या चौदा हातांनी लिहिलेल्या निघाल्या. कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या खापऱ्या वाटायला तयार ठेवल्या होत्या. चिठ्ठ्या आणि फासे यांनी गटबाजी संपली असे मानणाऱ्याने या खापऱ्या एकदा पाहाव्यात.

आणि यंत्रणा मोडतही असे. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली, पण वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आले नाही. आठ सेनापतींना वेगवेगळी सुनावणी न देता आमसभेत सर्वांवर मिळून एकाच मतदानाने दोषी ठरवावे, असा बेकायदा ठराव आला. हजेरीवरच्या पन्नासांपैकी बाकीचे दबावापुढे नमले. त्या वर्षी चिठ्ठीने परिषदेत आलेला सॉक्रेटिस तेवढा नकारावर ठाम राहिला. हाती लागलेल्या सहा सेनापतींना मारले. त्यांत पेरिक्लीसचा मुलगाही होता. थोड्याच काळात लोकांना पश्चात्ताप झाला आणि ज्यांनी भरीला घातले त्यांच्यावरच खटले भरायचे ठरले.

स्पार्टाला राजेशाही म्हणणे फारच सोपे आहे. तिथे एकाच वेळी दोन राजे असत, दोन वेगळ्या घराण्यांतले, आणि इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस मोहिमेवर एकानेच जायचे असे ठरल्यावर दुसरा घरी राही. साठीच्या पुढचे २८ ज्येष्ठ आणि दोन राजे मिळून तीस जणांची सभा असे. तिचे सदस्यत्व तहहयात होते. रोजची सत्ता मात्र दरवर्षी नव्याने निवडल्या जाणाऱ्या पाच ‘एफोरां’कडे, म्हणजे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, होती. राजा आला की सगळे उठून उभे राहत, एफोर बसून राहत. दर महिन्याला शपथांची देवाणघेवाण होई: राजाने कायद्याप्रमाणे राज्य करीन अशी शपथ घ्यायची, आणि एफोरांनी नगराच्या वतीने सांगायचे की, तू शपथ पाळशील तोवर तुझे राजेपण अढळ राहील. हे नुसते बोलणे नव्हते. प्लेइस्टोआनॅक्स आणि पौसानिअस या राजांना स्पार्टाबाहेर परागंदा व्हावे लागले. म्हणजे जे द्रेरोसने दहा वर्षांच्या अटीने साधले आणि अथेन्सने चिठ्ठीने, ते स्पार्टाने तहहयात राजावर एका वर्षाचे पहारेकरी बसवून साधले.

नागरिकांची सभा स्पार्टातही होती, पण मत आरड्याने देत. ज्येष्ठांच्या निवडीसाठी काही माणसे बंद खोलीत बसत आणि कोणता उमेदवार चालला आहे हे न पाहता कोणासाठी मोठा गजर झाला ते ठरवत. अ‍ॅरिस्टॉटलने या पद्धतीला पोरकट म्हटले आहे. इ.स.पू. ४३२ मध्ये अथेन्सशी युद्धाचा प्रश्न आला तेव्हा एफोर स्थेनेलाइदास म्हणाला, मला ओरडण्यावरून कळत नाही, आणि लोकांना दोन बाजूंना उभे राहायला लावले. या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्यूसिडिडीसचे मत असे की, कोण कुठे उभे आहे हे उघड दिसावे आणि लोक युद्धाकडे वळावेत, हा त्याचा हेतू होता. या सगळ्याच्या तळाशी हेलट नावाचे बांधलेले शेतकरी होते, ज्यांच्याविरुद्ध एफोर दरवर्षी पद घेताना युद्ध जाहीर करत, म्हणजे हेलटाला मारले तर पाप लागू नये. नागरिकांच्या सामूहिक भोजनाची वर्गणी न देऊ शकणारा नागरिकत्व गमावी, आणि इ.स.पू. ४८० मध्ये आठ हजारांच्या घरात असलेले नागरिक अ‍ॅरिस्टॉटलच्या वेळेपर्यंत एक हजाराच्याही खाली आले होते.

उरलेल्यांपैकी अ‍ॅटिकाला लागून असलेल्या बिओशिया या प्रदेशाचे उदाहरण देतो, कारण तिथली पद्धत आजच्या डोळ्यांना ओळखीची वाटेल. इ.स.पू. ४४७ ते ३८६ या काळात तिथली नगरे एका संघात होती. प्रदेशाचे अकरा विभाग, प्रत्येक विभागाने एक सेनापती, साठ प्रतिनिधी, एक हजार पायदळ आणि शंभर घोडेस्वार द्यायचे. अशी ६६० जणांची संघसभा थीब्ज या तिथल्या मुख्य नगरात भरे. प्रत्येक नगरात ठराविक मालमत्ता असलेल्यांनाच राजकीय हक्क, आणि त्यांच्या चार परिषदा आळीपाळीने पुढे येऊन विषय तयार करत. सत्ता श्रीमंतांची, तरी पाळी इथेही आहेच.

हे किती काळ चालले, असेही विचारले जाते. अथेन्सची लोकशाही ४११ आणि ४०४ मध्ये दोनदा उलथली आणि दोन्ही वेळा परत आली. इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाचा सेनानी अँटिपेटरने दोन हजार द्राख्मांच्या मालमत्तेची अट घातली, तेव्हा नऊ हजारांच्या आसपास नागरिकांचेच हक्क राहिले. पण नगरांचा कारभार त्या दिवशी थांबला नाही. पुढे राजांच्या अंमलाखालीही शेकडो ग्रीक नगरांत परिषदा आणि सभा भरत राहिल्या, अधिकारी वर्षाकाठी बदलत राहिले, आणि दगडांवर कोरलेल्या त्यांच्या ठरावांचा प्रारंभ ‘परिषदेला आणि लोकांना असे योग्य वाटले’ याच शब्दांनी होत राहिला.